ईआर कॉलेट: निवड, बसवणी आणि कटर का सरकतो

खाच सुरू झाली तिथे खोली ५.०० मिमी, संपली तिथे ५.१८. प्रोग्रॅम बरोबर आहे, झेड अक्षाचा लॉक घट्ट आहे, व्हाइसमधला जॉब हललेला नाही. मग संशय घ्यायचा तो कॉलेटवर, म्हणजे कटरला पकडणाऱ्या चिरा असलेल्या बाहीवर. कापता कापता कटर थोडा थोडा खाली ओढला गेला आहे.

मिलिंग कटरचे दात सर्पिल असतात. उजव्या सर्पिलाचा, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारा नेहमीचा कटर चिप वर फेकतो आणि त्याच वेळी स्वतः जॉबकडे ओढला जातो. ड्रिलचे याच्या उलट असते. फीडचा दाब त्याला होल्डरमध्ये (कॉलेट जिच्यात बसते त्या, मशीनच्या स्पिंडलमधल्या पकडीत) वर ढकलत राहतो. म्हणून ज्या कॉलेटमध्ये ड्रिल वर्षभर विनातक्रार चालले, त्याच कॉलेटमध्ये १२ मिमीचा कार्बाइड कटर पहिल्याच रफिंगला (जाड, ओबडधोबड कटला) सरकू शकतो. ‘ड्रिल तर नीट चालतंय’ हा कॉलेट चांगली असल्याचा पुरावा नाही.

असे झाले की पाना आणखी जोरात ओढणे हा सगळ्यात सोपा आणि बहुतेक वेळा निरुपयोगी उपाय. पकड खरी ठरते ती पाना लावण्याआधी: माप कोणते घेतले, टेपर (निमुळता उतार) किती स्वच्छ आहे, शँक (कटरची पकडायची गुळगुळीत दांडी) किती आत गेला आहे, कॉलेट नटमध्ये नीट अडकली आहे का. नट आवळणे हे त्यातले शेवटचे काम.

ईआरची रचना

ही पद्धत रेगो-फिक्स या स्विस कंपनीने १९७२ साली आणली. आता ती डीआयएन ६४९९ आणि आयएसओ १५४८८ या मानकांत आहे, त्यामुळे एका कंपनीची ईआर३२ कॉलेट दुसऱ्या कंपनीच्या ईआर३२ होल्डरमध्ये बसते. कॉलेटच्या बाहेरचा लांब टेपर प्रत्येक बाजूला ८ अंशांचा असतो आणि तो होल्डरच्या पोकळीत बसतो. पुढच्या तोंडाला ३० अंशांचा आखूड उतार असतो, त्यावर नट दाबतो. त्या दोन्हींच्या मध्ये एक खाच असते. नटच्या आत एका बाजूला जास्त पुढे आलेले कडे असते आणि ते या खाचेत अडकते. नट सैल केला की हेच कडे कॉलेटला टेपरमधून बाहेर ओढून काढते. ८ अंशांच्या टेपरमध्ये घट्ट बसलेली कॉलेट आपणहून बाहेर येत नाही, हे लक्षात असू द्या. बसवणीच्या वेळी याचा संबंध येतो.

कॉलेटला पुढून आणि मागून आळीपाळीने चिरा असतात. त्यामुळे ती दोन्ही टोकांना सारखी मिटते, निदान मिटायला हवी.

नेहमीच्या मालिका, त्यांची पकडण्याची कक्षा, नटचे आटे आणि नट आवळण्याचा सर्वसाधारण टॉर्क असा:

ईआर१६: ०.५ ते १० मिमी, एम२२×१.५, सुमारे ५६ न्यूटन मीटर
ईआर२०: १ ते १३ मिमी, एम२५×१.५, सुमारे ८०
ईआर२५: १ ते १६ मिमी, एम३२×१.५, सुमारे १०४
ईआर३२: २ ते २० मिमी, एम४०×१.५, सुमारे १३६
ईआर४०: ३ ते २६ मिमी, एम५०×१.५, सुमारे १७६

टॉर्कचे आकडे त्या मालिकेतल्या मोठ्या मापांसाठी आहेत. २-३ मिमीच्या शँकला बरेच कमी पुरते. होल्डर बनवणाऱ्याचा तक्ता हाताशी असेल तर तोच प्रमाण माना. ईआर११, १६ आणि २० मध्ये ‘मिनी’ नटही मिळतात. त्यांचे आटे वेगळे असतात (ईआर१६ मिनीचा एम१९×१), त्यामुळे सुटा नट मागवताना नुसते ‘ईआर१६’ सांगून भागत नाही.

कोणती मालिका घ्यावी

बीटी४० टेपरच्या व्हीएमसीवर (संगणकाने चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर) किंवा आयएसओ ४० टेपरच्या साध्या मिलिंग मशीनवर एकच मालिका घ्यायची असेल तर ईआर३२ घ्या. ६ ते १६ मिमीचे कटर ती निर्धास्त पकडते. २० मिमीही बसतो, पण तिथे कॉलेटची भिंत फार पातळ उरते. हलक्या फिनिशिंगला चालेल. २० मिमीने रफिंग करायचे असेल तर शँकवर चपटा भाग असलेला कटर आणि बाजूने स्क्रू येणारा साइड-लॉक होल्डर हाच योग्य. इंडेक्सेबल इन्सर्टच्या (बदलत्या पात्यांच्या) मोठ्या कटरलाही हेच लागू.

लहान कटरसाठी मोठी कॉलेट घेऊ नका. ३ मिमीचा कटर ईआर४० मध्ये बसतो खरा, पण नट एवढा जाड की जॉबमधल्या खोल खिशाच्या (कोरलेल्या पोकळीच्या) भिंतीला तो कटरच्या आधी टेकतो. मग कटर जास्त बाहेर काढावा लागतो. ओव्हरहँग (बाहेर राहिलेली लांबी) दुप्पट झाला की तेवढ्याच दाबाला वाक आठपट होतो. ६ मिमीपर्यंतच्या कामांना ईआर१६ किंवा ईआर११ चा बारीक नाकाचा होल्डर वेगळा ठेवा.

होल्डरही काम होईल तेवढा आखूड घ्या. ७० मिमीचा पुरत असेल तर १०० मिमीचा लावू नका. सरळ शँकचा ईआर चक दुसऱ्या कॉलेटमध्ये पकडून पोहोच वाढवण्याची युक्ती बऱ्याच ठिकाणी दिसते. त्यात दोन कॉलेट्सचा रनआउट (फिरताना मध्यापासून होणारा डोल) एकात एक मिसळतो. नाइलाज असेल तेव्हाच, आणि फक्त हलक्या कामाला. ड्रिल चकमध्ये एंडमिल लावणे मात्र पूर्ण टाळा. चकचा आखूड टेपर बाजूचा दाब सोसायला केलेला नसतो, चक अख्खा निखळून खाली येतो.

खरेदीबाबत आमचे मत असे. ईआर३२ चा ३ ते २० मिमीचा अठरा नगांचा स्वस्त सेट घ्यायला हरकत नाही, पण तो ड्रिल आणि रीमरसाठी. मिलिंगच्या रोजच्या मापांसाठी, म्हणजे ६, ८, १०, १२ आणि १६, चांगल्या दर्जाच्या सुट्या कॉलेट्स घ्या. मानकातल्या साध्या वर्गाच्या कॉलेटला मापानुसार १५ ते २० मायक्रॉन रनआउट चालतो, अतिअचूक वर्गाच्या कॉलेट्स ५ मायक्रॉनपर्यंत मिळतात. एका तुटलेल्या कार्बाइड कटरच्या किमतीत हा फरक बहुधा भरून निघतो.

माप: छापलेला आकडा ही वरची मर्यादा

ईआर कॉलेटवर ‘१०-९’ असे छापलेले असते. याचा अर्थ १० मिमीपासून ९ मिमीपर्यंत मिटणारी. १०.२ मिमीचा शँक त्यात ठोकून घालायचा नाही, एकदा ताणली गेली की ती कॉलेट संपली.

पण ९ ते १० मध्ये सगळीकडे पकड सारखी नसते. बोअर १० मिमीला घासून तयार केलेले असते. १० च्या शँकवर ते पूर्ण गोलाईने टेकते. ९.१ च्या शँकवर मिटले की प्रत्येक पाकळी फक्त मधल्या पट्टीवर टेकते आणि पकड घटते. मिलिंगसाठी कॉलेट छापील मापालाच वापरा. ८ मिमीच्या कटरला ‘८-७’ घ्या. हाताशी आली म्हणून ‘९-८’ लावू नका. ती मिटेल, कटर फिरेल, आणि खोल कटला सरकेल.

ड्रिलला ही सूट चालते. ८.५ चे ड्रिल ‘९-८’ मध्ये ठीक आहे. इंची शँकही याच पद्धतीने बसतात: पाव इंच म्हणजे ६.३५, ‘७-६’ मध्ये. तीन अष्टमांश म्हणजे ९.५२५, ‘१०-९’ मध्ये. अर्धा इंच म्हणजे १२.७, ‘१३-१२’ मध्ये. इंची कटर रोज लागत असतील तर त्या मापाच्या कॉलेट्स वेगळ्या आणा.

शँकची अचूकताही पाहा. चांगल्या कार्बाइड कटरचा शँक एच६ टॉलरन्सचा असतो, म्हणजे १० मिमीला शून्य ते उणे ९ मायक्रॉन. पुन्हा पुन्हा सरकून चरे पडलेला, बुर (धातूची उठलेली खरखरीत कड) आलेला शँक नव्या कॉलेटचे बोअर खराब करतो. ऑइलस्टोनने बुर काढा, एमरी पेपरने शँक बारीक करू नका. चपट्या भागाचे शँक कॉलेटमध्ये चालतात, पण त्या भागावर कॉलेट टेकत नाही. साधा गोल शँक मिळत असेल तर तोच घ्या.

आतून कुलंट देणाऱ्या होल्डरसाठी चिरा बंद केलेल्या सीलबंद कॉलेट्स येतात. त्या जवळजवळ मिटत नाहीत, अचूक मापाचाच शँक घालायचा. टॅपसाठी आत चौकोन असलेल्या वेगळ्या ईआर कॉलेट्स असतात. साध्या कॉलेटमध्ये गोल शँकवर पकडलेला टॅप एम८ च्या पुढे फिरायला लागतो आणि भोकातच तुटतो.

बसवण्याचा क्रम

१. टेबलावर कटर पडणार असेल तिथे लाकडाचा ठोकळा किंवा जाड चिंधी ठेवा. कार्बाइडचा कोपरा ओतीव लोखंडावर पडला की उडतो. कटर दाताकडून धरताना कापड गुंडाळा.

२. होल्डरची पोकळी, कॉलेटचे दोन्ही उतार, बोअर, चिरा, नटचे आटे आणि आतले कडे साफ करा. चिरांतली चिप नायलॉन किंवा पितळी ब्रशने काढा, नंतर फडक्याने पुसा. स्पिंडलच्या तोंडात हवेची नळी धरू नका, बारीक चिप बेअरिंगच्या बाजूला जाते. ८ अंशांच्या टेपरवर अडकलेली एक चिप पुढची सगळी मेहनत वाया घालवते.

३. बोअर आणि शँक कोरडे ठेवा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रॉकेलने धुतले असेल तर नंतर कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर रॉकेलचा थर मागे राहतो. उलट नटच्या आट्यांवर आणि ३० अंशांच्या तोंडावर तेलाचा एक थेंब हवा. जिथे पकडायचे तिथे कोरडे, जिथे घसरायचे तिथे तेल. अनेक ठिकाणी नेमके उलटे असते: बोअरमध्ये कटिंग ऑइल आणि आटे कोरडे. मग टॉर्कचा बराच भाग आट्यांच्या घर्षणातच जातो.

४. कॉलेट आधी नटमध्ये बसवा. या मार्गदर्शिकेत एकच पायरी पाळायची असेल तर ही पाळा. कॉलेट तिरकी धरून तिची खाच कड्याच्या पुढे आलेल्या बाजूत अडकवा आणि सरळ दाबा, ‘टक्’ असा आवाज येतो. कॉलेटचे तोंड नटच्या तोंडाशी जवळपास सपाट दिसले पाहिजे. काही नटांवर अडकवण्याच्या जागेची खूण असते.

कॉलेट आधी होल्डरमध्ये टाकून वरून नट फिरवला तर कडे खाचेत न जाता कॉलेटच्या कडेवर दाबते. कॉलेट तिरकी बसते, रनआउट वाढतो, कडे वाकते. आणि नट सोडल्यावर कॉलेट होल्डरमध्येच अडकून राहते. मग कोणीतरी मागून पंच घालून ठोकतो. वर्कशॉपमधल्या वाकड्या कॉलेट्सचा मोठा वाटा या एका चुकीचा.

५. नट एक-दोन आटे हाताने फिरवा, मग कटर घाला. कटर नसताना नट पाना लावून आवळू नका. आत काही नसेल तर पाकळ्या मर्यादेपलीकडे मिटतात आणि कॉलेट पुन्हा मापात येत नाही.

६. शँक कॉलेटच्या पूर्ण लांबीभर जाऊ द्या. ते शक्य नसेल तर निदान दोन तृतीयांश तरी. ईआर३२ कॉलेट सुमारे ४० मिमी लांब असते, म्हणजे २७ मिमी तरी शँक आत हवा. कमी गेला तर पुढे शँक आणि मागे पोकळी अशी स्थिती होते, मागच्या पाकळ्या जास्त मिटतात आणि पुढचे तोंड भोंग्यासारखे उघडते. ही विकृती कायमची. आखूड शँकसाठी लहान मालिकेची कॉलेट घ्या. दुसऱ्या टोकाला, फ्लूटचा (दातांमधल्या सर्पिल खाचांचा) भाग कॉलेटच्या आत जाऊ देऊ नका. तिथे पकड नसते आणि दाताची धार बोअरला खाते.

७. होल्डरमध्ये मागे स्टॉप स्क्रू असेल तर शँक आणि स्क्रू यांत अर्धा ते एक मिमी जागा ठेवा. नट आवळताना कॉलेट कटरसकट मागे सरकते. शँक स्क्रूवर टेकलेला असेल तर कॉलेट टेपरमध्ये पूर्ण बसतच नाही. याच कारणाने टूलची लांबी नेहमी नट पूर्ण आवळल्यावर मोजा. आधी टच-ऑफ करून (कटर जॉबला टेकवून झेडचे शून्य ठरवून) मग ‘जरा आणखी आवळतो’ म्हणाल तर झेडचे माप गेले.

८. व्हीएमसीचा होल्डर बाकावरच्या होल्डर फिक्स्चरमध्ये पकडून आवळा. तो मशीनच्या स्पिंडलमध्ये ठेवून पान्याने ओढला तर स्पिंडलच्या बेअरिंगवर आडवा ताण येतो. साध्या मिलिंगवर स्पिंडल लॉक किंवा कमी गिअर वापरा, किंवा होल्डरवर एक आणि नटवर एक असे दोन पाने लावा. झाल्यावर पाना मशीनवरून उतरवा.

किती आवळायचे

१३६ न्यूटन मीटर म्हणजे ३०० मिमीच्या पान्याच्या टोकाला सुमारे ४६ किलोचा ओढा. ईआर१६ च्या ५६ ला २०० मिमीच्या पान्यावर २८-२९ किलो. मनगटाच्या जोराने ईआर३२ पुरता आवळला जात नाही, खांद्यापासून ओढावे लागते. याचीच दुसरी बाजू म्हणजे पान्याला पाइप लावून ओढणे. त्याने पाकळ्या पिळवटतात, नटचे तोंड फाकते, आटे घासून चिकटतात आणि रनआउट वाढतो. पकड फारशी वाढत नाही.

उत्पादनाचे काम असेल तर नटच्या मापाचे डोके लावलेला टॉर्क पाना घ्या. महिनाभर वापरला की हाताला अंदाज येतो. बेअरिंग असलेला नट महाग असतो, पण आवळताना तो कॉलेटला पिळ देत नाही. त्यामुळे तेवढ्याच टॉर्कला पकड जास्त मिळते.

रनआउट तपासणे

१०-१२ मिमीची घासलेली गोल पिन कॉलेटमध्ये पकडा, नट पूर्ण आवळा, आणि नाकापासून ४० मिमीवर ०.००२ मिमीची लिव्हर डायल लावा. स्पिंडल न्यूट्रलला ठेवून हाताने सावकाश फिरवा. ६ ते १० मिमीच्या पिनला २५ मिमीवर मोजतात. कटरच्या दातांवर डायल लावू नका.

आकडा जास्त आला तर लगेच कॉलेट फेकू नका, आधी दोष कुठे आहे ते शोधा. आत काही नसताना स्पिंडलच्या टेपरवर डायल फिरवा. मग होल्डरच्या आतल्या टेपरवर. दोन्ही ठीक असतील तर पिनच्या उंच जागेवर मार्करने खूण करा, नट सोडून कॉलेट होल्डरमध्ये अर्धा फेरा फिरवा आणि पुन्हा मोजा. उंच जागा कॉलेटबरोबर फिरली तर दोष कॉलेटचा. जागेवरच राहिली तर होल्डर किंवा स्पिंडलचा. होल्डर स्पिंडलमध्ये अर्धा फेरा फिरवला की तेही वेगळे होते. नटही बदलून पाहा, झिजलेला नट कॉलेटला तिरके दाबतो.

एवढी मेहनत का? ६ मिमीचा दोन दातांचा कटर ॲल्युमिनियममध्ये दातामागे ०.०३ मिमी फीडने चालला आहे आणि रनआउट ०.०३ आहे असे समजा. रनआउट दातांच्या ओळीत आला तर एक दात ०.०६ ची चिप घेतो आणि दुसरा नुसता घासतो. तुम्ही एका दाताचा कटर दुप्पट फीडने चालवत आहात. खाचही सुमारे ६.०३ ची होते. २० मिमीच्या एचएसएस कटरला एवढा रनआउट पचतो, २ मिमीचा कार्बाइड त्यात मोडतो.

सरकलेला कटर ओळखणे

नटच्या तोंडालगत शँकवर मार्करने रेघ ओढा आणि एक रफिंग पास घ्या. रेघ खाली आली तर सरकला, रेघ वळली तर फिरला. शँकवर तपकिरी, लालसर डाग दिसत असतील तर पकड पूर्ण सुटलेली नसून तो सूक्ष्म हालतो आहे. हे सगळ्यात आधी कळणारे लक्षण आहे.

कारणे या क्रमाने तपासा: शँक आणि बोअर तेलकट, कॉलेट मापापेक्षा मोठी, शँक पुरेसा आत नाही, नट कमी आवळलेला, बोअरचे तोंड भोंग्यासारखे झालेले. सगळे ठीक असूनही सरकत असेल तर कट त्या कॉलेटच्या कुवतीबाहेरचा आहे. ४५ अंशांच्या सर्पिलाचा कटर ३० अंशांच्या कटरपेक्षा जास्त ओढतो. बाजूची खोली कमी करा, किंवा साइड-लॉक अथवा हायड्रॉलिक होल्डरकडे जा.

आर८ आणि जुनी मशीन्स

ब्रिजपोर्ट पद्धतीच्या टरेट मिलिंगवर आर८ कॉलेट थेट स्पिंडलमध्ये बसते आणि वरून ७/१६ इंच, इंचाला २० आट्यांच्या ड्रॉबारने (स्पिंडलमधून जाणाऱ्या लांब बोल्टने) ओढली जाते. मध्ये होल्डर नसल्याने ओव्हरहँग कमी होतो आणि झेडची उंची वाचते. पण आर८ जेमतेम मिटते. तिथे १२ मिमीला १२ चीच कॉलेट हवी, अर्धा इंचाला अर्ध्या इंचाची. सोडताना ड्रॉबार एक ते दोन आटेच सैल करा आणि तांब्याच्या हातोड्याने वरून टकोरा मारा. पूर्ण सैल करून ठोकला तर सगळा मार शेवटच्या एक-दोन आट्यांवर येतो.

जुन्या मशीन्सबरोबर ओझेड जातीच्या (डीआयएन ६३८८) कॉलेट्सही मिळतात. त्या दिसायला लांबट असतात, उतार फार कमी असतो आणि त्या अर्धा मिमीच मिटतात. ईआरच्या डब्यात मिसळू देऊ नका. एम१टीआरवर (या नावाने विकल्या जाणाऱ्या टरेट मिलिंग मशीनवर) काय बसते ते मशीनच्या नावावरून ठरवू नका. आर८, आयएसओ ३० आणि आयएसओ ४० तिन्ही आढळतात, स्पिंडल पाहूनच मागवा.

ठेवण आणि बदल

कॉलेट स्प्रिंग स्टीलची असते आणि गंजते. कोकणात, कोल्हापूरकडे पावसाळ्यात दोन दिवसांच्या सुट्टीतही टेपरवर ठिपके येतात. ठेवताना गंजरोधक तेलाचा पातळ थर द्या, वापरताना बोअर पुन्हा पुसा. मापाच्या क्रमाने लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात ठेवा. सगळ्या एका डब्यात टाकल्या की कडा एकमेकींना चरे पाडतात.

रोज रफिंग करणाऱ्या कॉलेट्स चार ते सहा महिन्यांत बदलायच्या असे धरून चाला. नटही अधूनमधून त्यांच्याबरोबर बदला. बोअरच्या पुढच्या तोंडाशी चकचकीत पट्टा आणि मागे कोरा भाग दिसला, पिन तोंडाशी डुलायला लागली, किंवा चिरांची रुंदी कमी-जास्त दिसली तर ती कॉलेट मिलिंगमधून काढा आणि तिच्या तोंडावर लाल रंगाचा ठिपका द्या. ड्रिलसाठी ती अजून बराच काळ चालते.